आधी तोंड दाखवा

१

चोरी तुम्ही केली असं कुणी म्हणत नाही, साहेब. पण चोराला दार तुम्हीच उघडून दिलंत.

इंटरनेटवर लिलाव तुम्ही मांडलात. काचेच्या कुठल्याशा इमारतीत बसून बोल्या लावून घेतल्यात, दलाली आधी कापलीत. आणि विकणारा समोर, घेणारा समोर, मध्ये वस्तू, अशी खरी जोखमीची वेळ आली तेव्हा एक ओळ लिहून मोकळे झालात: 'वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेताना योग्य ती काळजी घ्यावी.' काळजी म्हणजे काय, साहेब? ती कुठल्या दुकानात मिळते? किलोवर की डझनावर?

तुमच्या त्या एका ओळीपायी मुळशी तालुक्यातल्या एका आईला स्वतःच्या पोराकडं चोर म्हणून बघावं लागलं. ते कसं, ते नीट बसून ऐका.

दोन हजार सात सालचा डिसेंबर. मार्गशीर्षातला गुरुवार. चंद्राबाई पौडहून तहसिलातली बैठक आटपून एसटीनं आल्या. पिरंगुटच्या पुढं उतरून वाडीपर्यंत चालत. दारात पाऊल टाकतात तोच अंगणात भांडण उभं.

एका बाजूला ऋषिकेश. त्यांचा भाडेकरू, जिंतूरचा पोरगा, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. दुसऱ्या बाजूला खांद्याला झोळी लावलेली एक मुलगी, डोळ्यांत पाणी आणि आवाजात आग.

"काकू, तुम्हीच सांगा हिला," ऋषिकेश म्हणाला. "माझा कॅमेरा हिनं लिलावात घेतला. सकाळी मी तो घरात ठेवून ऑफिसला गेलो. दुपारी येऊन ही घेऊन गेली. आणि आता परत आली, म्हणते कॅमेरा द्या!"

"मी आत्ता येतेय, पहिल्यांदा!" मुलगी कडाडली. "अनुष्का नाव माझं. लवळ्याच्या कॉलेजात शिकते. दुपारभर कॅन्टीनमध्ये प्रोजेक्ट लिहीत बसले होते."

"साक्षीदार कोण?"

"चहा देणारे दादा! आणखी कोण असणार? पंतप्रधान?"

चंद्राबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. "खुणेचा शब्द ठरला हुता न्हवं तुमचा? जो जिंतूर म्हनंल त्यालाच द्यायचं, असं तूच सांगून गेलावतास."

"हो ना काकू. आणि दुपारी आलेली बाई जिंतूरच म्हणाली!"

"तो शब्द मला तुम्ही फोनवर सांगितलात," अनुष्का म्हणाली, "आणि तो मी आत्ता, या अंगणात पहिल्यांदा बोलले."

मग दुपारी जिंतूर म्हणून कॅमेरा घेऊन गेली ती बाई कोण?

२

चंद्राबाई म्हणजे नुसत्या घरमालकीण नव्हेत. त्या वाडीच्या पोलीस पाटील. नवऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावानं. नेमणूक झाली तेव्हा चावडीवर बसून चार जणांनी मिशीत हसून घेतलं होतं. पुढं त्यातल्या एकाची म्हैस चोरीला गेली आणि ती बाईंनी शोधून दिली. तेव्हापासून मिशा तेवढ्या उरल्या.

कॅमेरा दिला होता त्यांच्या जावेनं. गोजराबाई. मनानं सोनं, तोंडानं आकाशवाणी. ऋषिकेशला आणि अनुष्काला अंगणात ठेवून चंद्राबाईंनी तिला चुलीपाशी गाठलं.

"आक्का, सगळं सांगा. न गाळता."

"गुरवारची पूजा मांडलेली. आरती झाली, आन दारात ही उभी. समदं तोंड बांधलेलं, पुन्याच्या पोरी बांधत्यात तसं. निस्तं डोळं आन कपाळाची पट्टी. हातात मोजं. अंगात जर्कीन. घशाकडं बोट दावलं, मंजे घसा बसलाय. आन बारीक आवाजात म्हनली, जिंतूर. मी कॅमेऱ्याची बॅग दिली."

"गाडी कुठली हुती?"

"गाडी?" गोजराबाई थबकल्या. "आवाज तर आला न्हाई बया. चालतच आली असंल."

"बरं. मग?"

"मग काय? गुरवारी दारात आलेली बाई तशीच लावून द्यू? हळदी-कुकू लावलं. ती मागं सरत व्हती, मी म्हनलं, अगं थांब की, देवीचं हाय." गोजराबाईंनी उभं राहून सगळं करून दाखवलं. "मी अशी बोटं म्होरं केली. तिनं हात असा डोक्यावर ठिवला, स्कार्प सरकू नये म्हनून. मी कुकू लावलं. फळ दिलं. गेली."

"फळ कंचं?"

गोजराबाई कानाशी आल्या. "कुनाला बोलू नगं. फळं संपलीवती. ती तर निगालीवती. मंग परसातलं टंबाटं दिलं. देवीच्या गुरवारी टंबाटं! बायकांना कळलं तर मला जित्ती ठिवायच्या न्हाईत."

चंद्राबाईंना हसू आवरेना. "न्हाई बोलत."

त्यांनी मनाशी एक गाठ बांधली. पुण्याच्या पोरी तोंड बांधतात ते धुळीपायी, गाडीवर बसून. गाडीच नाही तर तोंड कशाला बांधायचं? बाई लांबून आलेली नव्हती. जवळचीच होती.

तेवढ्यात स्नेहल मागच्या दारानं आत आली. चंद्राबाईंची लेक, पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला. हातात दोरीवरून काढलेला स्वतःचा स्कार्फ.

"आई, हे कुनी केलं गं? सकाळी धुऊन वाळत घातलावता."

निळ्या स्कार्फच्या काठाला, बरोबर कपाळाच्या जागी, कुंकवाचा ताजा डाग होता.

३

बातमीला वाडीत फिरायला पाय लागत नाहीत. दिवेलागणीला दुधाच्या डेअरीवर एकच चर्चा: स्कार्फ घरचा, तर चोर घरचाच. आणि पोलीस पाटलीणबाई आपल्या माणसावर पदर घालणार.

अनुष्का उद्या येते म्हणून वसतिगृहाकडं गेली होती. ऋषिकेशनं चौकीला फोन लावला. पलीकडून हवालदार म्हणाले, इंटरनेटचं आम्हाला काय सांगता, त्या कंपनीला विचारा. कंपनीला फोन केला तर एक गोड आवाज म्हणाला, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि मग गाणं लागलं. ते गाणं वाजतच राहिलं. ऐकताय ना, साहेब? तुमचंच गाणं होतं ते.

ऋषिकेशनं फोन आपटला. "काकू, राग मानू नका. पण स्नेहलताई ड्यूटीवर होती, तुम्ही पौडला होता, काका चावडीवर. घरातलं उरलं कोण? किशोर. मी फोनवर शब्द सांगत होतो तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता. उद्या संध्याकाळपर्यंत कॅमेरा मिळाला नाही तर मी स्वतः चौकीत जाऊन त्याचं नाव लिहून देतो."

चंद्राबाईंच्या काळजावर कुणीतरी पाटा ठेवला. किशोर. एकुलता एक मुलगा. जमीन विकल्यापासून रिकामा. गेले कित्येक दिवस सकाळी बाहेर पडायचा तो अंधारात यायचा. कुठं जातोस म्हटलं की, मित्राकडं.

त्या रात्री त्याला वाढताना त्यांनी विचारलं, "दुपारी कुटं हुतास?"

"मित्राकडं."

"कंच्या?"

"आई, तू मला पाटलीन म्हनून इचारतीस का आई म्हनून?"

"आई म्हनून इचारलं तर खरं सांगशील?"

भाकरी मोडणाऱ्या त्याच्या बोटांची कातडी भिजून पांढरी, सुरकुतलेली होती. पलीकडं हैबतराव, त्याचे वडील, पेपरात तोंड खुपसून म्हणाले, "पाटलाचं पोर हाय त्ये. चोऱ्या करनार न्हाई, आन कुनाची चाकरीबी करनार न्हाई." किशोर ताटावरून तसाच उठला.

सकाळी चंद्राबाईंनी मनीषला गाठलं. ऋषिकेशचा खोलीतला जोडीदार, दुसऱ्या कंपनीत कामाला, नागपूरकडचा, हसरा गडी. कंपनीची बस पकडायला निघाला होता, पाठीवर बॅग.

"मनीष, काल दुपारी तू कुटं हुतास रं बाबा?"

"ऑफिसात, काकू. बस सकाळी नेते अन् रात्रीच आणून सोडते ना. मी तर झोपेत गेलो अन् झोपेत आलो."

"तुला कुनावर वहीम?"

"मी कोणाचं नाव घेऊ?" त्यानं आवाज खाली आणला. "किशोरभाऊ आपलाच माणूस आहे. पण एक सांगू? चूक ऋषिकेशची. आपली वस्तू आपल्या हातानं द्यावी. गोजराकाकूंचं काय, त्या भोळ्या. चोरालाही टोमॅटो देऊन वाटेला लावतील. चलतो, बस गेली तर पगार कापतील."

तो हसत गेला. चंद्राबाई कोपऱ्यापर्यंत त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या. त्या वाक्यात काहीतरी खटकलं होतं. तांदळात खडा लागावा तसं. पण मनात किशोर ठाण मांडून बसला होता. खडा दाताखालून निसटला.

४

संध्याकाळी अनुष्का आली. वसतिगृहातून रिक्षानं, एकटी. ऋषिकेशही आला. दोघं ओट्याच्या दोन टोकांना, मधून म्हैस जाईल एवढं अंतर सोडून बसली.

"मला पैसे नकोत," अनुष्का म्हणाली. "कॅमेरा हवाय. वर्षाचा प्रोजेक्ट त्याच्यावर आहे. नवा मला परवडत नाही, म्हणून तर लिलावात घेतला. मैत्रिणी म्हणत होत्या, अनोळखी घरी एकटी जाऊ नकोस. मी म्हटलं, पोलीस पाटलांचं घर आहे."

ते वाक्य चंद्राबाईंना चटका देऊन गेलं.

गोजराबाईंना मात्र वेगळीच काळजी. घराला दृष्ट लागलीय, यावर त्या ठाम होत्या. देवापुढचा अंगारा घेऊन बाहेर आल्या. "समद्यांनी लावून घ्या. ये गं पोरी."

अनुष्कानं कपाळ पुढं केलं. लावून घेतला. मग स्नेहल. तिनंही मान पुढं केली, केस मागं सारले, बस. मग ऋषिकेश. गोजराबाईंचं बोट त्याच्या कपाळाशी पोचायच्या आतच त्याचा उजवा हात उचलला गेला आणि डोक्यावर टेकला. त्याला कळलंसुद्धा नाही.

चंद्राबाई त्या हाताकडं बघत उठल्या.

"आवं," त्यांनी आत हाक दिली, "जरा भाईर या."

हैबतराव कुरकुरत आले. अंगारा लावायला वाकले. हात डोक्यावर.

लहानपणापासूनची खोड. आई ओवाळताना सांगते, बाळा, डोक्यावर टोपी घाल. टोपी नसली तर रुमाल, रुमाल नसला तर हात. पुरुषाच्या कपाळाला कुणी बोट लावायला आलं की हात आपसूक वर जातो. बाईचा जात नाही. तिनं जन्मभर कुंकू उघड्या डोक्यानं नाहीतर पदराखालून लावून घेतलेलं असतं. तिला हे कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि काल स्कार्फवालीनं गोजराबाईंपुढं हात डोक्यावर ठेवला होता. डोकं पूर्ण झाकलेलं असताना. स्कार्फ तर घट्ट गाठ मारून बांधलेला होता, तो सरकणार कसा?

"आक्का," चंद्राबाई हलकेच म्हणाल्या, "काल दारात आलेली बाई न्हवती. बाप्या हुता."

"अगं बया!" गोजराबाईंनी तोंडावर पदर घेतला. "मंजे मी बाप्याला मार्गेसरी कुकू लावलं?"

ऋषिकेश ताडकन उठला. "बाप्या! म्हणजे मी म्हणतो तेच की, काकू. तोंड कशाला बांधलं? ओळखीचा होता म्हणून. स्कार्फ दोरीवर आहे हे ठाऊक कुणाला? घरच्याला."

अनुष्का सुटली, स्नेहल सुटली, आणि चंद्राबाईंच्याच शहाणपणानं फास त्यांच्या पोराच्या गळ्यात नेऊन घातला.

अंगणाचं फाटक वाजलं. किशोर आला होता.

५

"किशोर," ऋषिकेश पुढं झाला, "काल दुपारी कुठं होतास, सगळ्यांसमोर सांग."

किशोरनं आईकडं बघितलं, मग वडिलांकडं. आणि मग त्याची नजर अनुष्कावर गेली आणि चेहऱ्याचा रंगच उडाला.

अनुष्का उभी राहिली होती. "अय्या! दादा, तुम्ही इथं?"

"तू वळखतीस ह्याला?" चंद्राबाईंचा आवाज चिरकला.

"म्हणजे काय! आमच्या कॅन्टीनचे चहावाले दादा. काल दुपारभर मी यांच्याच काउंटरसमोर बसले होते. गर्दी होती म्हणून कपही हेच धूत होते. मी म्हटलं ना, साक्षीदार चहा देणारे दादा!"

भिजून पांढरी पडलेली बोटं. चंद्राबाईंनी ती काल रात्री बघितली होती. बघूनही बघितली नव्हती.

हैबतराव पेपर हातात धरून पुतळ्यासारखे उभे. "कपबशा धुतोस?"

"धुतो," किशोर म्हणाला. "मैन्याला पगार येतो. घरात सांगितलं असतं तर तुमी घरात ठिवलं नसतं."

हैबतराव पेपराची घडी घालत राहिले. घडीवर घडी.

आणि चंद्राबाईंच्या दाताखाली तो सकाळचा खडा पुन्हा कचकन आला. त्या खाली बसल्या आणि मोठ्यानं हसल्या. गोजराबाईंना वाटलं, जावेचं डोकं फिरलं.

"आक्का, त्या बाप्याला फळ काय दिलंत?"

गोजराबाई लालबुंद. "तू बोलनार न्हवतीस."

"मी न्हाईच बोलले. तुमी कुनाला बोललात?"

"मी कशाला माजीच अब्रू काढू?"

"ऋषिकेश, तुला म्हाईत हाय काय दिलं ते?"

"फळ म्हणजे, केळं असेल. नाहीतर पेरू."

"तेच. समदं जग केळं न्हाईतर पेरू म्हनंल. ते काय हुतं ते दोगीला ठावं, मला आन आक्काला. आन तिसरं ज्यानं ते हातात घेतलं त्याला. तुझ्या जोडीदाराला येऊ दे."

सगळे ओट्यावर बसून राहिले. स्नेहलनं चहा टाकला. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली, मनीष उतरला, अंगण भरलेलं बघून जरा ठेचकाळला, मग नेहमीसारखा हसला.

"काय झालं? सत्यनारायण आहे का काय?"

"बस, बाळा," चंद्राबाई म्हणाल्या. "सकाळी तू म्हनलास, गोजराकाकू चोरालाबी टोमॅटो देऊन वाटंला लावतील. टोमॅटोच का रं? मार्गशीर्षात दारच्या बाईला कुनी टोमॅटो देतं का? तुमच्या नागपूरला देत्यात?"

मनीषचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेला.

"मी सहज बोललो, काकू."

"सहजच बोललास. म्हनून तर खरं बोललास. काल तू बसनं गेलाच न्हाईस. शब्द तू खोलीत ऐकलावतास, स्कार्प दोरीवर बघितलावतास. चार पावलावर खोली, गाडी लागतीय कशाला? समदा बंदोबस्त केलास. पर गुरवार हाय हे इसरलास. आक्कानं बोट म्होरं केलं, आन तुझ्या आईनं लावलेली खोड वर आली. हात डोक्यावर गेला." चंद्राबाईंनी आवाज मऊ केला. "आईनं चांगलं वळन लावलंय रं. तूच वाकडा चाललास."

मनीषनं पाठीवरची बॅग उतरवली, चेन उघडली, आतून कॅमेरा काढून ओट्यावर ठेवला. कालपासून तो कॅमेरा सोबत घेऊनच हिंडत होता. एक फोटोही काढला नव्हता.

"मी आधी मागितला होता," तो ऋषिकेशला म्हणाला. "एका खोलीत राहतो आपण, एका ताटात जेवतो. तू म्हणालास, लिलावात बोली लाव. लावली. शेवटच्या मिनिटाला हिनं वर बोली टाकली. मला वाटलं, मित्रापेक्षा स्क्रीनवरचं नाव मोठं झालं का बे?"

ऋषिकेशनं कॅमेरा उचलून अनुष्काच्या हातात दिला.

"आन किशोरवर आळ घेत हुते समदे," स्नेहल म्हणाली. "त्याचं काय?"

"त्याचीच लाज वाटते," मनीष म्हणाला. वळून त्यानं किशोरचे हात धरले. किशोरनं काढून घेतले, मग जरा थांबून परत दिले. "हात कोरडे करून घे," किशोर म्हणाला. "मी दिसभर भिजलेलाच असतो." पहिली हसली ती अनुष्का.

चौकीत जायचं का नाही, हे चंद्राबाईंनी अनुष्काला विचारलं. वस्तू तिची. तिनं कॅमेरा चालू केला, काच पुसली, डोळ्याला लावला आणि म्हणाली, "नको. पण यापुढं दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये."

६

तिच्या त्या वाक्यावर वाडीत एक रीत सुरू झाली. तीही कागदावर लिहून नव्हे, करून.

लिलावातली वस्तू द्यायची-घ्यायची तर दुधाच्या डेअरीच्या ओट्यावर. दूध घालायला गाव जमतं त्या वेळी. घेणाऱ्यानं आधी स्कार्फ सोडायचा, हेल्मेट काढायचं. विकणाऱ्यानं स्वतः यायचं, घरमालकिणीच्या जावेवर टाकून जायचं नाही. दोघांनी आपापलं नाव चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. खोका फोडायचा, वस्तू चालू करून बघायची. मगच हात मिळवायचा. एकटी मुलगी आली तर चंद्राबाई नाहीतर स्नेहल तिला रिक्षात बसवून मगच घरी जाणार.

वस्तू चालू करून बघायचं काम मनीषचं. ती त्याची शिक्षा. पहिल्या रविवारी मान खाली घालून उभा होता. आता लोक त्याला वाकडी वाट करून विचारायला येतात, हा मोबाईल घेऊ का, हा प्रिंटर बरा का. गोजराबाई येता-जाता विचारतात, "टंबाटं देऊ का रं?" तो हात डोक्यावर ठेवून दाखवतो.

अनुष्काचा पहिला फोटो चंद्राबाईंच्या भिंतीवर आहे. डेअरीचा ओटा, किशोरच्या हातात चहाचा ट्रे, आणि ट्रेमधला कप उचलणारे हैबतराव. कॅमेऱ्याकडं बघत नाहीत. पोराकडंही बघत नाहीत. पण कप उचललाय.

आता तुमच्याकडं येऊ या, साहेब.

ही रीत घडवायला आम्हाला काचेची इमारत लागली नाही. ओटा लागला, उजेड लागला, आणि चार उघडे चेहरे. हे सगळं चंद्राबाईंनी तुम्हाला कळवलं. तुमचा तो गोड आवाज म्हणाला, तुमची सूचना आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आणि गाणं लागलं.

चंद्राबाईंच्या ओट्यावर मनीषनंही चेहरा दाखवला, चोरी मान्य केली. तोंड बांधून व्यवहाराच्या मध्ये उभा आहे असा एकच जण आता राहिलाय. दलाली घेतो आणि गाण्याच्या मागं लपतो.

आमच्या ओट्यावर नियम एकच: आधी तोंड दाखवा. रविवारी संध्याकाळी, दूध घालायच्या वेळी, सगळे असतात. तुम्ही येताय का नाही? गाणं लावू नका. उत्तर द्या.